कॉव्हेंट्रीला नेलेला शिक्का

इंग्लंडला जाताना माणसं पापड नेतात, मेतकूट नेतात, लिंबाचं लोणचं नेतात. मीही नेलं. शिवाय मी माझा शिक्का नेला.

लाकडी मुठीचा साधा रबरी शिक्का. वर माझं नाव, खाली 'निवृत्त तहसीलदार', त्याखाली कोल्हापूर. नोकरीतला खरा शिक्का निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा केला आणि आठवड्याच्या आत स्वतःच्या पैशानं हा करून घेतला. निवृत्त माणसाच्या शिक्क्याला कायद्यानं काडीची किंमत नसते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण गल्लीतली माणसं दाखले घेऊन यायची, मी सही करून शिक्का उमटवायचो, आणि एकही कागद कधी परत आला नव्हता. सवय म्हणा, खोड म्हणा, धोतरांच्या घडीत तो शिक्का आणि शाईची डबी ठेवूनच मी विमानात बसलो.

परत आल्यावर शेजारीपाजारी जमले. राणीचा राजवाडा सांगितला, जमिनीखालची रेल्वे सांगितली, तिथले लोक बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर व्हिनेगर ओततात हे सांगून हसवलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. त्याला आता सहा वर्षं झाली. आज ती सांगतो, कारण बाकीचा प्रवास तुम्हाला कुणीही सांगेल.

विमानात

शहाऐंशी सालचा मे महिना. आदल्याच वर्षी आपलं विमान बॉम्बनं फुटून समुद्रात पडलेलं, त्यामुळे मुंबईला तपासणीवाल्यांनी माझ्या लोणच्याच्या बरणीतसुद्धा डोकावून पाहिलं. आत जाऊन बसतो तोच शेजारच्या खुर्चीवर एक सरदारजी आले. पांढरी दाढी, निळी पगडी. त्या बॉम्बमागं शीख अतिरेकी असल्याचं मी पेपरात वाचलं होतं. मी हवाई सुंदरीला बोलावून सांगितलं, माझे गुडघे आखडतात, मला दुसरीकडे मोकळी जागा द्या. गुडघे ठणठणीत होते.

जागा मिळाली. सरदारजी उठले, माझी पिशवी वरून काढून त्यांनी स्वतः माझ्या नव्या खुर्चीपाशी आणून दिली, आणि गुडघ्यांना मोहरीचं तेल कोमट करून चोळा असं बजावलं. मी 'हो हो' म्हणालो आणि लंडनपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. ही आपली नांदी. पुढचं नाटक याहून वाईट आहे.

कॉव्हेंट्री

माझी मुलगी सुनंदा आणि जावई शिरीष कॉव्हेंट्रीला राहतात. शिरीष तिथल्या इस्पितळात डॉक्टर. घर लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं; आपल्याकडे अशा ओळीला चाळ म्हणतील, तिथं टेरेस म्हणतात आणि गच्ची तर कुठंच नसते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, घर खायला उठायचं, म्हणून लेकीनं तिकीट पाठवून बोलावून घेतलं होतं.

पहिल्याच सकाळी दार वाजलं. दारात साठीचे उंचेपुरे सरदारजी, हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणाले, "नमस्कार. चला, बसा, चहा घ्या." माझ्याच लेकीच्या घरी मलाच आग्रह! सुनंदा हसत आतून आली. "अप्पा, हे मेहेरसिंग अंकल, नेक्स्ट डोअरचे. आर्मीत असताना नगरला होते, तेवढंच मराठी येतं त्यांना."

मेहेरसिंगांचं मराठी तिथंच संपलं. पुढं आमचं सगळं हिंदीत. मी इथं त्यांचं बोलणं बहुतेक मराठीतच देतो, कारण माझ्या हिंदीनं त्यांच्या बोलण्याची रया जाईल.

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "अप्पा, माझी डिलिव्हरी झाली तेव्हा आई आजारी, कुणीच येऊ शकलं नाही. शिरीषच्या नाइट्स चालू. तेव्हा अंकलच्या बायकोनं चाळीस दिवस मला पंजिरी, म्हणजे त्यांच्याकडचा बाळंतिणीचा खुराक, करून घातली. रोज. स्नो असतानासुद्धा. त्यांना काही कमी-जास्त बोलू नका हं." माझा स्वभाव ती लहानपणापासून ओळखते.

मेहेरसिंगांना मी तहसीलदार होतो हे कळलं मात्र, त्यांची नजरच बदलली. पंजाबातही तहसीलदारच असतो, पटवारी असतो, सातबाऱ्यासारखा उतारा असतो. त्या दिवसापासून मी 'तहसीलदार साब'. शिरीषला इंग्लंडात मोठमोठे लोक 'डॉक्टर' म्हणतात याचं मला कधी कौतुक वाटलं नाही, पण त्या दोन शब्दांनी मी पार विरघळलो. कबूल करतो.

अलॉटमेंटवर

तिथल्या कौन्सिलची एक सोय मला फार आवडली. ज्याच्या घराला परसू पुरत नाही त्याला गावाबाहेर भाजी लावायला भाड्यानं जमिनीचा तुकडा देतात. त्याला अलॉटमेंट म्हणतात. मेहेरसिंगांचा तुकडा मी पावलांनी मोजला. अडीच गुंठे भरला. मी विचारलं, "उतारा कुणाच्या नावे?" ते म्हणाले, "राणीच्या. मी कूळ." आमची गट्टी तिथं जमली.

त्या अडीच गुंठ्यांत मेथी होती, पालक, लसूण, हिरव्या मिरच्या, आणि कडेला रूबार्ब नावाची आंबट देठांची इंग्रजी भाजी, जी मेहेरसिंगांची बायको गूळ घालून चटणीसारखी करायची. पोळीबरोबर झकास लागते. रोज चारला आम्ही दोघं म्हातारे तिथं जायचो. ते खुरपायचे, मी शेजारच्या तुकड्यांच्या हद्दीतल्या चुका दाखवायचो.

एकदा बोलता बोलता मी मुद्द्यावर आलो. माझा जन्म बेळगावचा. तरुणपणी संयुक्त महाराष्ट्रासाठी मी लाठी खाल्लीय, डाव्या खांद्याचं हाड अजून थंडीत बोलतं. मुंबई मिळाली, बेळगाव राहिलं. माझा धाकटा भाऊ अजून तिथंच आहे. सरकारी नोटीस येते कन्नडमध्ये, ती वाचायला तो दुसऱ्याच्या दारात जातो. हे सगळं मी छाती काढून सांगितलं.

मेहेरसिंगांनी झारी खाली ठेवली. "मग तुम्हाला समजेल," ते म्हणाले.

आणि मातीत बोटानं रेघा काढत त्यांनी सांगितलं. फाळणीत त्यांचं गाव पलीकडं गेलं, ते आईला हाताला धरून जालंधरकडं आले. पुढं देशात भाषेप्रमाणे राज्यं झाली. तेलुगू लोकांना मिळालं, आम्हा मराठी लोकांना मिळालं. पंजाबी बोलणाऱ्यांनी मागितलं तेव्हा दिल्ली म्हणाली, तुम्ही भाषेचं नाव घेऊन धर्माचं राज्य मागताय.

"शिरगणतीवाला आमच्या गल्लीत आला," ते म्हणाले. "शेजारी एक हिंदू दुकानदार होता. बायकोशी पंजाबी, गिऱ्हाइकाशी पंजाबी, देवाशीसुद्धा पंजाबीच बोलायचा. त्यानं मातृभाषा लिहवली, हिंदी. माझ्यासमोर. वाईट माणूस नव्हता साब. त्याला कुणीतरी भीती घातली होती, की पंजाबी लिहिलंस तर उद्या सरदारांच्या राज्यात राहावं लागेल. पण त्या दिवसापासून माझ्या बापानं त्याच्या दुकानातून मीठसुद्धा आणलं नाही."

सहासष्ट साली राज्य मिळालं, पण राजधानी हरियाणाबरोबर वाटून, आणि धरणांच्या चाव्या दिल्लीकडं. नदी पंजाबच्या शेतावरून जाते आणि पाण्याचा हिशोब दुसराच करतो, हे शेतकऱ्याला कसं पटावं? मग आनंदपूरला ठराव झाला, राज्यांना जास्त अधिकार द्या. "तो ठराव देशद्रोही आहे असं सगळे म्हणतात," मेहेरसिंग म्हणाले. "तुम्ही वाचलाय?"

मी वाचला नव्हता. पण देशद्रोही आहे असं मी कोल्हापुरात कट्ट्यावर दहा वेळा ठासून सांगितलं होतं.

पुढचं त्यांनी भरभर सांगितलं, जखमेवरची पट्टी ओढून काढावी तसं. दिल्लीच्या पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या स्वतःच्या पुढाऱ्यांनी एकमेकांची जिरवायला एका संताला डोक्यावर चढवून घेतलं. मग बंदुका आल्या. मग सुवर्णमंदिरात फौज शिरली, पंतप्रधानांची हत्या झाली, आणि नोव्हेंबरात दिल्लीत त्यांच्या साडूला गळ्यात टायर घालून जाळलं.

मीही गप्प बसणारा नव्हे. विचारलं, "आणि बसमधून हिंदू निवडून उतरवले, गोळ्या घातल्या, त्याचं काय? त्या विमानाचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. "त्याची मला लाज वाटते. माझीच पगडी बांधून केलं त्यांनी ते."

इतक्या सरळ कुणी 'मला लाज वाटते' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. महसूल खात्यात तीसेक वर्षं काढली, पण लाज हा शब्द मी फक्त दुसऱ्याला विचारण्यासाठी वापरला. मी विचारलं, तुम्हाला वेगळा देश पाहिजे का? ते म्हणाले, "इथल्या गुरुद्वारात खलिस्तान म्हणून ओरडणारी माणसं पूर्वीही होती. त्यांचं ऐकायला दहा टाळकी जमत नव्हती. चौऱ्याऐंशीच्या जूननंतर हॉल पुरेना. आता त्यांना गप्प बसा म्हणायला मी उभा राहिलो, तर ते माझ्या साडूचं नाव घेतात. मी कोणत्या तोंडानं बोलू? मला देश नको साब. मला एकदा घरी जाऊन यायचंय."

पडकं देऊळ

एका रविवारी ते मला कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल दाखवायला घेऊन गेले. महायुद्धात जर्मनांनी बॉम्ब टाकून जुनं कॅथीड्रल पाडलं. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारलं नाही. उघड्या भिंती, छप्पर नाही, खिडक्यांच्या दगडी चौकटी रिकाम्या, आणि त्याला लागून नवं कॅथीड्रल बांधलं. आपण असतो तर वर्गणी काढून वर्षात जुन्याला संगमरवर लावून मोकळे झालो असतो, असं मी म्हणालो.

मेहेरसिंगांनी त्या भिंतीवर हात टेकला. म्हणाले, "यांनी पडलेलं तसंच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. सुवर्णमंदिरातलं आमचं अकाल तख्त फौजेच्या तोफांनी पडलं, आणि सरकारनं घाईघाईनं पुन्हा बांधून वर सोन्याचा पत्रा मारला. जसं काही झालंच नाही. पाडल्यापेक्षा त्या घाईचा राग जास्त आला लोकांना."

 मी आइस्क्रीम घेऊया म्हणालो.

त्यांची बैठकीची खोली

जूनच्या सुरुवातीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. मुळ्याचे पराठे, घरचं लोणी, उडदाची दाट डाळ. जेवून मी ढेकर दिली आणि मेहेरसिंगांनी हात जोडले.

त्यांची आई गावाकडं अंगणात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, वय ऐंशीच्या पुढं, अंथरुणाला खिळली होती. मेहेरसिंगांचा पासपोर्ट ब्रिटिश. पूर्वी त्यावर भारतात जायला व्हिसा लागत नव्हता, चौऱ्याऐंशीपासून लागायला लागला, आणि पंजाबातलं गाव, सिंग आडनाव म्हटलं की अर्ज अडकून पडत होता. जाणती माणसं सांगत, पंजाबबाहेरच्या एखाद्या हिंदू अधिकाऱ्यानं या माणसाला मी ओळखतो असं लिहून दिलं तर काम होतं.

"आप तहसीलदार हैं," ते म्हणाले. "तुम्ही भाषेसाठी लाठी खाल्लीय. तुम्ही मला वर्षानुवर्षं ओळखत नाही, एकच महिना पाहिलंय. तेवढ्यात जे दिसलं ते लिहा. खोटं काही नको."

मला कोण आनंद झाला. शिक्का इतक्या लांब आणल्याचं सार्थक झालं. म्हणालो, आजच लिहितो. ते म्हणाले, माझ्याकडे द्या, अर्जाला जोडतो. तेव्हा मी नियमावर बोट ठेवलं. चारित्र्याचा अहवाल ज्याचा त्याच्या हाती द्यायचा नसतो. तो गोपनीय असतो, थेट कचेरीला जातो, तरच त्याला वजन. मी स्वतः लंडनच्या व्हिसा ऑफिसला टपालानं पाठवीन. हे मी त्या वेळी अगदी प्रामाणिकपणे बोललो, एवढं तरी माझ्या पदरात टाका. माझ्या कचेरीत असंच चालायचं.

उठताना भिंतीकडं लक्ष गेलं. गुरूंच्या तसबिरीशेजारी एक मोठा फोटो होता, काळ्या चौकटीत. घुमट फुटलेला, भिंतींना भगदाडं. अकाल तख्त. खाली गुरुमुखीत काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं नाही. पण घरी येईपर्यंत ढेकर जिरली होती.

तरी मी पत्र लिहिलं. दुपारभर बसून, चांगल्या इंग्रजीत, सरकारी वळणाचं. मी सदरहू इसमास व्यक्तिशः ओळखतो, ते माजी सैनिक असून सद्वर्तनी आहेत, हिंसेविषयी त्यांना मनापासून तिटकारा आहे. खाली सही, सहीवर शिक्का. शाई छान उमटली. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं.

मिल्टन कीन्स

दुसऱ्या दिवशी शनिवार. मराठी मंडळाची सहल मिल्टन कीन्सला होती. हे गाव नकाशावर पट्टी ठेवून आखलेलं आहे आणि चालत कुणी जात नाही. दर फर्लांगाला गोल चौक. शिरीषनं एकाच चौकाला तीनदा प्रदक्षिणा घातली, तेव्हा सुनंदा म्हणाली, आता नारळ फोडू या. तळ्याकाठी सतरंज्या पसरल्या, पावभाजी झाली, आमच्या नातवासकट लहान मुलांनी 'तो बदक बघ' म्हणत हंस दाखवले आणि त्यांच्या आया हताश झाल्या.

तिथं एक जोशी नावाचे डॉक्टर भेटले, माझ्या वयाला आलेले, बडे कन्सल्टंट. फुशारकी मारायची माझी खोड. मी पत्राची हकिगत सांगितली.

जोश्यांनी प्लेट खाली ठेवली. "तहसीलदारसाहेब, बी केअरफुल हं. कोण कुणाकडे चहा पितो तेसुद्धा आपले हायकमिशनवाले इथं नोट करतात म्हणे. उद्या तो माणूस तिकडे जाऊन काही करून बसला तर? लेटर कुणाचं? तुमचं. तुमची पेन्शन आहे, मुलीला इंडियात येणं-जाणं आहे. आणि त्याच्या घरात कसले फोटो असतात ते बघितलंत का?"

"छे, फोटोबिटो नाही काही," मी म्हणालो.

का खोटं बोललो, कोण जाणे. तिथंच मी अर्धा ढासळलो होतो. परतीच्या वाटेवर सुनंदा विचारत होती, "अप्पा, अंकलचं लेटर टाकलंत ना?" मी म्हटलं, "सोमवारी टाकतो, उद्या रविवार, पेटी उघडत नाहीत." तिनं हसून मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिची जुनी सवय.

लाल पेटी

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर टपालाची लाल पेटी आहे, खांद्याएवढी उंच, खांबासारखी गोल. सोमवारी सकाळी मी कोट घालून निघालो. पाकीट हातात. पेटीच्या तोंडाशी नेलं आणि हात थांबला.

मनात सगळी फाइल उघडली. पेन्शन बंद झाल्याची नोटीस दिसली. मुंबईला विमानतळावर कुणीतरी माझं नाव मोठ्यानं वाचताना दिसलं. फुटलेल्या घुमटाचा फोटो दिसला. बेळगावात पोलिसासमोर उभा राहिलो होतो तो मीच ना, असंही मनात आलं. पण ते वय वेगळं होतं, आणि ते आपल्या लोकांसाठी होतं.

मागं चाहूल लागली. एक इंग्रज म्हातारी पत्र घेऊन रांगेत उभी होती. एका पेटीला दोन माणसांची रांग, हे त्या देशातच. "यू ऑल राइट, लव्ह?" तिनं विचारलं. मी बाजूला झालो. तिनं पत्र टाकलं आणि हसून गेली. मी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. सरळ शेपूट घातली, दुसरा शब्द नाही.

मेहेरसिंग अंगणात गुलाबाला आळं करत होते. "डाल दी, साब?"

"डाल दी."

पुढं त्यांनी काही विचारलंच नाही. पत्र गोपनीय होतं ना! माझ्याच नियमानं मला पांघरूण घातलं. महिनाभर मी त्यांच्याबरोबर अलॉटमेंटवर गेलो, त्यांची मेथी खाल्ली.

मध्यंतरी बेळगावहून भावाचं पत्र आलं. तिथं कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, गोळीबार झाला होता, भावाला दोन दिवस कोठडीत ठेवून सोडलं होतं. 'आम्हाला इथं देशद्रोही म्हणतात, दादा,' त्यानं लिहिलं होतं. मी पत्र घेऊन पायरीवर बसलो असताना मेहेरसिंगांनी कुंपणावरून पाहिलं. काही न विचारता येऊन शेजारी बसले. मी सांगितलं. ते आत गेले, बायकोकडून चहा आणला, आणि पुढच्या रविवारी गुरुद्वारात मला घेऊन गेले. तिथं अरदास म्हणजे प्रार्थना चालू असताना त्यांनी माझ्या भावाचं नाव घ्यायला लावलं. खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसलेली ती सगळी माणसं एका अनोळखी मराठी माणसासाठी 'वाहेगुरू' म्हणाली. मी डोक्याला रुमाल बांधून मान खाली घालून बसलो होतो. कोट अंगात होता. पाकीट कोटात होतं.

अजून वेळ गेली नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं. घरी येऊन मी पाकीट बाहेर काढलं आणि मनाशी म्हणालो, आता तारीख जुनी झाली, नवं लिहावं लागेल. पाकीट पुन्हा कोटात गेलं, आणि नवं लिहिलं नाही. फायली कशा दाबतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जुलैचा शेवट

माझं जायचं आठवड्यावर आलं होतं. मेहेरसिंग दारात आले, हातात तपकिरी लिफाफा. व्हिसा नामंजूर. कारण लिहिलेलं नव्हतं.

मी लिफाफा उलटासुलटा करून पाहिला. सुनंदा तिथंच होती. म्हणाली, "पण अप्पांनी लेटर पाठवलं होतं ना!"

"हाँ बेटा, यांनी तर लिहिलं," मेहेरसिंग म्हणाले. "यांनी आपलं काम केलं. साब, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या शब्दाला मान दिला नाही, ही त्यांची चूक, तुमची नाही." मग ते जरा घुटमळले. "एकच गोष्ट रोज मनात येते. माझ्यासाठी लिहिलंत, तर तुमचं नाव माझ्या नावाबरोबर कुठं फाइलीत चढलं तर नसेल? तुम्ही परत जाणार. तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला तर मी स्वतःला माफ करणार नाही. मी हे आधी विचारात घ्यायला हवं होतं. माझ्या आईच्या पायी मी आंधळा झालो. मला क्षमा करा."

आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

मी काय म्हणालो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, "काही होत नाही हो. आम्ही नाही घाबरत असल्याला."

माझं पत्र गेलं असतं तर व्हिसा मिळाला असता का? कदाचित नसताही मिळाला. हा प्रश्न मी पुष्कळ घोळवला, त्यातून सुटका शोधली. पण ते बाजूला ठेवा. त्यांना माझ्याबद्दल जी भीती वाटत होती, तीच मला स्वतःबद्दल वाटत होती. फरक एवढाच की त्यांची भीती माझ्यासाठी होती आणि माझीही माझ्यासाठीच.

हीथ्रोला सोडायला तेच आले, स्वतःच्या गाडीनं. वाटेत हायवेवर थांबून बायकोनं दिलेले पराठे त्यांनी मला खायला लावले. निरोप घेताना मिठी मारली. कोटाच्या आतल्या खिशावर त्यांची छाती दाबली गेली, आणि मी अंग चोरलं.

कोल्हापूर

घरी येऊन कोट झटकला तर आतला खिसा रिकामा. मी घाबरून सगळे कपडे उपसले. पाकीट बॅगेत तळाशी मिळालं, धोतरांच्या घडीत, शिक्क्याला आणि शाईच्या डबीला लागून, नीट ठेवलेलं. बॅग सुनंदानं भरली होती. आदल्या दिवशी कोटही तिनंच ब्रश करून दिला होता.

तिनं तेव्हा काही विचारलं नाही, आणि गेल्या सहा वर्षांत एकाही पत्रात त्याचा उल्लेख नाही. त्या दिवाळीत तिचं पत्र आलं त्यात होतं, 'मेहेरसिंग अंकलची आई गेली. त्यांना जाता आलं नाही. तुम्हाला सत श्री अकाल कळवायला सांगितलंय. तुमचे गुडघे कसे आहेत विचारत होते.' विमानातली गोष्ट मीच त्यांना गमतीनं सांगितली होती, पण गुडघे खरंच दुखत होते असं करून.

शिक्का मी वापरायचा सोडला. गल्लीतले लोक विचारतात, मी शाई वाळली म्हणून सांगतो. पाकीट टेबलाच्या खणात आहे, राणीच्या तोंडाचं तिकीट तसंच कोरं. मेहेरसिंगांना खरं काय ते कळवायला मी चारदा कागद घेऊन बसलो. हिंदीत सुरुवात केली, इंग्रजीत केली, सगळी फाडली.

शेवटी हे लिहिलं. पूर्ण लिहून झाल्यावर लक्षात आलं, मी ते मराठीत लिहिलंय. मेहेरसिंगांना मराठीत 'चला, बसा, चहा घ्या' याच्यापुढं काही येत नाही.